व्रत माझं, वाट सगळ्यांची

सिंगलस्पीड सायकल घेऊन डोंगरातल्या शर्यतीत उतरणाऱ्या माणसाला बहुतेक जण एकच विचारतात, "गिअर मिळत असताना ते नको कशाला?" या प्रश्नाची उत्तरं माझ्या तोंडात बसलेली आहेत. यंत्र साधं राहतं, बिघाड कमी होतात. कुठला गिअर टाकू या विचारात मन अडकत नाही. चढ जसा आहे तसा अंगावर घ्यावा लागतो. यातलं काहीही खोटं नाही. पण एखादं उत्तर जराही न अडखळता येऊ लागलं, की थांबून त्याच्याकडे नीट पाहावं, असं मला हल्ली वाटतं. पाहिल्यावर दिसतं ते असं, की ही सगळी उत्तरं माझ्यापाशी सुरू होतात आणि माझ्यापाशीच संपतात. मला काय मिळतं एवढंच ती सांगतात. मी आपणहून ओढवून घेतलेल्या या अडचणीचा भार आणखी कुणाकुणावर पडतो, याचा त्यांत कुठे उल्लेख नसतो. तो भार मोजायचा म्हणून हे लिहितो आहे.

मी अमेरिकेत कोलोरॅडोत राहतो. इथे रॉकी पर्वतात लेडव्हिल नावाचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे या गावाचा बाजाररस्ताच जवळजवळ दोन कळसूबाईंच्या उंचीवर आहे. १९९४ पासून इथे दर ऑगस्टमध्ये माउंटन बाइकची शर्यत होते. नावात १०० मैल, प्रत्यक्षात थोडे जास्तच. सकाळी साडेसहाला बंदुकीचा बार होतो आणि जथा निघतो. सेंट केव्हिन्सचा चढ, मग शुगरलोफची खिंड, तिथून विजेच्या तारांखालून जाणारा पॉवरलाइनचा घसरडा उतार, सपाटीवरची दौड, ट्विन लेक्सचं धरण, आणि तिथून एका दमात कोलंबाइन खाणीपर्यंत सुमारे हजार मीटरची चढण. ही खाण ३,८०० मीटरच्या आसपास आहे. तिथे वळायचं आणि आलो त्याच वाटेने परतायचं. एकूण चढ साधारण साडेतीन हजार मीटर. १२ तासांच्या आत पोहोचणाऱ्याला कमरेच्या पट्ट्याचं चांदीचं बकल मिळतं, ९ तासांच्या आत पोहोचणाऱ्याला त्याहून मोठं. सिंगलस्पीडवाल्यांचा निकाल वेगळा लागतो.

माझ्या सायकलला पुढे ३२ दात्यांची चकती आहे आणि मागे २० दात्यांची. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेचार मीटरच्या आसपास पुढे सरकते. मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी २० किलोमीटरचा वेग. सपाटीवर माझी धाव जेमतेम तिथवरच. त्याहून जोरात पाय फिरवत तासन्तास राहता येत नाही. उलट्या बाजूला, पाय मिनिटाला ४० फेऱ्यांवर आले तरी वेग ताशी ९ किलोमीटर असतो. त्याच्या फार खाली गेलं की पायडल वरच्या टोकाला अडतं आणि सायकल उभी राहते. हल्लीच्या गिअरच्या सायकलला मागे ५१ दात्यांपर्यंतची चकती असते. तिच्यावर पायडलच्या एका फेऱ्यात दीड मीटरपेक्षाही कमी अंतर जातं, म्हणून तिच्यावर बसलेला माणूस अगदी चालण्याच्या वेगानेही चढ काढू शकतो. तो दमला तर हळू होतो. मला हळू होता येत नाही. मी दमलो तर उतरतो. सिंगलस्पीडवाले म्हणतात की आपल्यालाही तीन गिअर आहेत, बसून, उभं राहून आणि उतरून. बोलायला हे छान आहे, पण यात जो चौथा गिअर नाही, म्हणजे सावकाश चढण्याचा, त्यातूनच पुढचे सगळे प्रश्न निघतात.

मला यातला आनंद आधी सांगितला पाहिजे, नाहीतर पुढची तपासणी एकतर्फी होईल. चढाच्या पायथ्याशी आल्यावर ठरवण्यासारखं काही उरलेलं नसतं. जे ठरवायचं ते घरी, चकती निवडताना ठरवून झालेलं असतं. आता फक्त करायचं असतं. हँडल दोन्ही हातांनी आपल्याकडे खेचायचं, अंगाचा सगळा भार एका पायावर टाकायचा, मग दुसऱ्या. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. छाती कितीही फुगवली तरी पुरत नाही. डोक्यातली बडबड बंद पडते. नोकरी, कर्ज, मुलांची शाळा, आईच्या गुडघ्यांचं दुखणं, यांपैकी काहीही त्या मिनिटांत शिरू शकत नाही. इतकं एकाग्र मी दुसरं काहीही करताना झालेलो नाही. ध्यानाला बसूनही नाही. या अनुभवाविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

आता भाराकडे येतो. सेंट केव्हिन्सचा चढ शर्यतीच्या सुरुवातीलाच येतो. त्या वेळी दमून मागे पडायला कुणाला वेळच मिळालेला नसतो. शेकडो सायकली एकमेकींना चिकटून वर सरकत असतात. रस्ता रुंद आहे, पण नीट चालवता येण्यासारख्या पट्ट्या एक-दोनच, बाकी दगड आणि सुटी माती. सगळ्यांचा वेग ताशी सहा-सात किलोमीटर. माझी सायकल त्या वेगाला चालतच नाही. म्हणजे एकतर मी पुढच्यांना बाजूला व्हायला सांगायचं किंवा खाली उतरायचं. पुढचा माणूसही आयुष्यभराची तयारी करून आलेला असतो. त्याला ती एकच पट्टी मिळालेली आहे. मी मागून ओरडलो, "डावीकडून येतोय!", तर तो दचकून हँडल वळवणार, त्याचं चाक दगडावर घसरणार, तो पाय टेकणार. तिथे एकदा पाय टेकला की पुन्हा चालू करणं किती कठीण असतं हे मला माहीत आहे. माझी गती राखण्यासाठी मी त्याची गती मागत असतो.

डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्यांमध्ये एक सर्वमान्य संकेत आहे, खाली येणाऱ्याने वर जाणाऱ्याला वाट द्यावी. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटनेच्या नियमांतही तो आहे. त्यामागचं कारण सरळ आहे. चढणाऱ्याचा दम तुटला की तो पुन्हा जुळवणं अवघड, उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघणं सोपं. ही चढाची गरज आहे, ती सर्वांना सारखी आहे, म्हणून तिचा नियम होऊ शकला. माझी गरज मात्र चढाने निर्माण केलेली नाही. ती मी दुकानातून निवडून आणलेल्या चकतीने निर्माण केली आहे. पहिल्या गरजेपोटी हक्क मागता येतो. दुसरीपोटी फार तर विनंती करता येईल, आणि तीही समोरच्याला "नाही" म्हणायला जागा ठेवून. धापा टाकत, कपाळावरचा घाम डोळ्यांत जात असताना हा फरक पुसट होतो. घशातून निघतो तो विनंतीचा स्वर नसतो. मला स्वतःला विचारायचं आहे ते हेच, की अडचण मी आपखुशीने घेतली, तर तिच्यासाठी वाट मोकळी करण्याचं काम दुसऱ्याचं कधी झालं?

एकादशीचा उपास घरातल्या एकाचा असतो. पण आदल्या रात्री आठवणीने साबुदाणा भिजत घालणारे, दाणे भाजून कूट करणारे, भगर आणि आमटी वेगळी टाकून मग उरलेल्यांचा रोजचा स्वयंपाक करणारे हात पुष्कळदा दुसऱ्याचे असतात. उपास करणाऱ्याला दिवसभर आपण काहीतरी सोडल्याचं समाधान असतं. त्याच्या सोडण्याने स्वयंपाकघरातलं काम दुप्पट झालं, हे त्याच्या ताटात दिसत नाही. मी त्या ताटावर लहानपणापासून बसत आलो आहे. म्हणून गिअर सोडल्याचं समाधान वाटायला लागलं की मला आता त्या हातांचा शोध घ्यावासा वाटतो.

ते हात शर्यतीत सगळीकडे आहेत. पॉवरलाइन उतरल्यावर ट्विन लेक्सपर्यंतचा पट्टा बराचसा सपाट आणि वेगाचा आहे. समोरून वारा असतो. तिथे सायकलवाले आपोआप रांगा करतात; पुढचा वारा कापतो, मागच्यांचं काम हलकं होतं, आणि पाळीपाळीने प्रत्येक जण पुढे येतो. त्या रांगेत मी काय करतो? माझे पाय आधीच वेगाच्या मर्यादेला भिडलेले असतात. मागे राहून, आडोशाला, मी कसाबसा एखाद्या संथ रांगेचा वेग धरू शकतो. पुढे येऊन तोच वेग देऊ शकत नाही. म्हणजे वारा नेहमी दुसऱ्याने कापायचा. कुणी काही बोलत नाही. उलट, सायकलकडे पाहून कौतुकाने मान हलवतात. त्या कौतुकामुळेच माझी पाळी चुकली हे विसरायला सोपं जातं. शर्यतीच्या नियमांत यात काही गैर नाही. पण नियम मोडला नाही एवढ्यावर मन समाधान मानत नाही, ते विचारतं की ज्याने तुझा वारा कापला त्याला तू काय दिलंस?

दुसरी गोष्ट मानाची. गिअरच्या सायकलवाल्यांकडे पाहण्याच्या माझ्या नजरेत एक उंचवटा आहे. तो मी कधी शब्दांत आणत नाही, पण चढावर त्यांना मागे टाकताना तो मला आतून जाणवतो. जणू त्यांनी काहीतरी सोपं निवडलं. या नजरेला जुना इतिहास आहे. १९०३ साली तूर द फ्रान्स सुरू करणारे संपादक आंरी देग्रांज स्वतः सायकलपटू होते. १८९३ मध्ये त्यांनी एका तासातल्या अंतराचा विक्रम केला होता. बदलते गिअर ही दुबळ्यांची सोय आहे, खरा सायकलपटू स्नायूंवर जिंकतो, अशी त्यांची धारणा होती. या धारणेपायी तूरमध्ये चालता चालता गिअर बदलण्याच्या यंत्रणेला थेट १९३७ पर्यंत परवानगी मिळाली नाही. तोवर खेळाडू चाकाच्या दोन बाजूंना दोन चकत्या लावत आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरून चाक काढून उलटं बसवत. १९१० मध्ये पिरेनीज पर्वतातल्या उंच खिंडी पहिल्यांदा मार्गात आल्या, तेव्हा ओक्ताव लापीझ हा खेळाडू काही ठिकाणी सायकल ढकलत चालला आणि ओबिस्कच्या चढणीवर त्याने आयोजकांना मारेकरी म्हटलं. ती शर्यत शेवटी त्यानेच जिंकली.

देग्रांज यांच्याविषयी वाचताना मला त्यांचा राग येत नाही, ओळख पटते. स्वतःला भावलेलं काठिण्य त्यांनी सद्गुण मानलं आणि मग ते दुसऱ्यांच्या पायांत घातलं. माझ्या हातात शर्यतीचे नियम नाहीत, म्हणून माझ्याकडून तेवढं होत नाही. पण दुसऱ्याच्या सोयीला कमी लेखणारी नजर तीच आहे. कोलंबाइनच्या वाटेवर माझ्या शेजारून साठीतली माणसं वर जाताना मी पाहिली आहेत, सगळ्यांत हलक्या गिअरवर, इंच-इंच, मान खाली घालून. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचे व्रण उघडे दिसत असतात. गिअर नसते तर ही माणसं या डोंगरावर आलीच नसती. ज्या यंत्रणेने त्यांना तिथवर आणलं तिला सोपी म्हणण्याचा अधिकार मला माझ्या धडधाकट गुडघ्यांनी दिला का? धडधाकट असणं मी कमावलेलं नाही. पुष्कळसं ते मिळालेलं आहे, आणि एक दिवस जाणार आहे.

तिसरी गोष्ट टाळ्यांची. रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं माझ्या मागच्या चाकाकडे पाहतात, एकच चकती दिसते, आणि आवाज चढतो. "सिंगलस्पीड!" माझ्या पुढे-मागे तेवढ्याच कष्टाने जाणाऱ्यांना इतका आवाज मिळत नाही. मला तो आवडतो. सिंगलस्पीडवाल्यांची एक जागतिक स्पर्धाही होते. सायकलिंगच्या अधिकृत आंतरराष्ट्रीय महासंघाशी तिचा काही संबंध नाही आणि पहिल्या येणाऱ्या स्त्री-पुरुषांना पदकाऐवजी अंगावर गोंदवून घ्यावं लागतं. पदकांचं फार कौतुक नको, खेळ खेळासारखा खेळावा, हा त्यामागचा भाव मला मनापासून पटतो. तरीही स्वतःला विचारल्यावर कबूल करावं लागतं की पदकाची ओढ गेली म्हणून ओळखले जाण्याची ओढ जात नाही. तिला फक्त दुसरी जागा मिळते. रात्री, कुणीही पाहत नसताना, ज्या सायकलवर कुणी लक्षही देणार नाही अशा सायकलवर मी हाच चढ चढेन का? बहुतेक चढेन. पण "बहुतेक" हा शब्द लिहावा लागला, याची नोंद इथे राहू दे.

एक आरोप मात्र तपासून मी बाजूला ठेवतो. वेगळ्या गटात स्पर्धक कमी, म्हणून मान सोपा, असं माझं मन मला कधी कधी बोलतं. ते मला पटत नाही. घड्याळ सगळ्यांसाठी एकच आहे. १२ तासांची मर्यादा एका चकतीसाठी शिथिल होत नाही, आणि परतीच्या पॉवरलाइनवर, जिथे चढ काही ठिकाणी २० टक्क्यांच्या वर जातो, तिथे चालण्यात जाणारा वेळ माझाच जातो. आत्मपरीक्षण म्हणजे प्रत्येक आरोपावर मान डोलावणं नव्हे. जिथे मी निर्दोष आहे तिथे तसं स्वच्छ म्हणता आलं पाहिजे. नाहीतर बाकीच्या कबुल्याही केवळ सवयीच्या ठरतात.

सगळ्यांत जड प्रश्न हा, की निवडलेल्या कष्टाची तुलना न निवडलेल्या कष्टाशी कशी करायची. लेडव्हिलची शर्यत हौशी लोकांच्या कल्पनेतून जन्मलेली नाही. गावाजवळ क्लायमॅक्स नावाची मॉलिब्डेनमची प्रचंड खाण आहे. १९८२ मध्ये ती बंद पडली आणि हजारो माणसांचं काम एका फटक्यात गेलं. त्यांच्यातलेच एक खाणकामगार केन क्लाउबर. लोक गावात येतील, राहतील, चार पैसे खर्च करतील म्हणून मेरिली मॉपिन यांच्या साथीने त्यांनी १९८३ मध्ये १०० मैलांची धावण्याची शर्यत सुरू केली. सायकलची शर्यत त्यानंतर ११ वर्षांनी आली. मी ज्या उंचीला कसोटी म्हणतो त्या उंचीवर माणसं जमिनीखाली पाळ्या करत होती. मी ज्या खाणीला वळसा घालून आनंदाने ओरडतो, तशा खाणींतून त्यांची फुप्फुसं आणि पाठी गेल्या. मला धाप लागते ती एका दिवसाची, प्रवेशशुल्क भरून घेतलेली. संध्याकाळी ती उतरते.

माझ्या गावाकडे, साताऱ्याच्या परिसरात, एका गिअरच्या सायकलला कुणी सिंगलस्पीड म्हणत नव्हतं. ती साधी सायकल. दूधवाल्यांच्या सायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या लटकत, चढ आला की ते उतरत आणि एक हात हँडलवर, एक हात सीटवर ठेवून तिरके होऊन ढकलत. त्यांची वेळ कुणी मोजत नव्हतं, आणि दूध नासण्याआधी पोहोचणं हीच त्यांची मर्यादा. त्यातल्या कुणाला कुणी विचारलं असतं, "गिअर हवेत का?" तर त्यांनी एक क्षणही विचार न करता हो म्हटलं असतं. त्यांची सक्ती हीच मी माझी साधना करून ठेवली आहे. यात पाप आहे असं मला वाटत नाही. पण ज्याला निवड होती त्याने, ज्याला निवड नव्हती त्याच्या कष्टाशी आपलं नातं सांगू नये. पॉवरलाइनवर सायकल ढकलताना मला त्यांची आठवण येते, तेव्हा मी ती आठवण माझ्या मोठेपणासाठी वापरू नये, एवढी काळजी मला घ्यायची आहे.

आणि घर. लेडव्हिलला सोडतीने प्रवेश मिळतो. सोडतीत एक मोठी सोय असते. "अर्ज टाकून ठेवतो, नंबर लागेलच असं नाही," असं म्हणून प्रश्न पुढे ढकलता येतो, आणि नंबर लागला की निर्णय माझा राहत नाही, नशिबाचा होतो. एकदा माझी बायको शांतपणे म्हणाली, "तू विचारतोयस, की कळवतोयस?" त्या एका वाक्याने मला जितकं चढवलं-उतरवलं तितकं कुठल्या डोंगराने नाही. गिअर सोडला की सराव वाढतो, कारण पायांत ताकद आणि पाठीत टिकाव लागतो. सराव वाढला की शनिवार-रविवारच्या सकाळी घरातून वजा होतात. त्या सकाळी मुलांचा नाश्ता, पोहण्याचे वर्ग, आईला भारतात फोन, हे थांबत नाही. ते एका माणसाच्या अंगावर येतं. शर्यतीच्या दिवशी ट्विन लेक्सच्या धरणापाशी कुटुंबांचे तंबू लागतात. पहाटे गाडी लांब लावून, सामान वाहून, धुळीत, उन्हात, दुपारच्या वादळी पावसात ती माणसं तासन्तास उभी असतात. त्यांच्या हातून बाटली घेऊन जायला आम्हाला मिनिटभर पुरतं. जाताना एकदा, येताना एकदा. बकल मात्र एकालाच मिळतं.

मी हे बायकोपाशी बोललो. तिने मला मुक्तही केलं नाही आणि दोषीही ठरवलं नाही. ती म्हणाली, "तू डोंगरावरून आलास की आठवडाभर माणसात असतोस. ते मला हवंय. पण मला काय हवंय ते तू ठरवून टाकू नकोस, मला विचार." यात माझ्या सगळ्या तपासणीचं सार आलं. मला जे मिळतं त्यातलं थोडं घरालाही मिळतं, हे खरं आहे. पण ते पुरेसं आहे की नाही हे सांगण्याचा हक्क ज्याच्यावर भार पडतो त्याचा आहे. माझा नाही.

मग हे सोडावं का? हा प्रश्न मी प्रामाणिकपणे समोर ठेवला. गिअरची सायकल घेतली तर यातले निम्मे प्रश्न मिटतील. गर्दीत हळू चढता येईल, रांगेत पाळी देता येईल. सराव कदाचित थोडा कमी होईल. तरीही मी सिंगलस्पीड सोडत नाही, आणि त्याचं कारण हट्ट नाही. त्या सायकलने मला एक गोष्ट शिकवली आहे जी मला दुसरीकडे मिळाली नाही: आधी ठरवलेल्याशी शेवटपर्यंत राहणं, आणि मध्ये सुटका नसताना शांत राहणं. आईच्या आजारपणात, नोकरीतल्या पडत्या काळात ती शिकवण माझ्या उपयोगी पडली आहे. एखादं बंधन स्वतःवर घालून घेण्यात माणूस घडतो यावर माझा विश्वास आहे. फक्त ते बंधन स्वतःवरच राहिलं पाहिजे. त्याचं टोक दुसऱ्याला बोचायला लागलं की ते व्रत राहत नाही, मागणी होते.

म्हणून मी माझ्यासाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत. गर्दीच्या चढावर मी ओरडून वाट मागणार नाही. जागा असेल तर हळू आवाजात विचारीन, नसेल तर उतरून कडेला होईन आणि चालेन. उतरणं हा माझ्या निवडीचाच भाग आहे. त्यात अपमान वाटत असेल तर मी गिअर सोडलेला नाही, फक्त मिरवतो आहे. सपाटीवर ज्या रांगेत पुढे येऊन वारा कापता येत नाही त्या रांगेच्या मागे मी लागणार नाही. एकटा जाईन, वेळ जाईल तो जाईल. कुणी टाळ्या वाजवल्या तर हात उंचावून आभार मानीन आणि शेजारून हलक्या गिअरवर चढणाऱ्याला नाव विचारून दोन शब्द बोलेन, दम असला तर. सोडतीचा अर्ज भरण्याआधी घरी विचारीन, आणि "नको" हे उत्तर आलं तर ते उत्तर म्हणून घेईन, चर्चेची सुरुवात म्हणून नाही. ज्या वर्षी मी शर्यत करीन त्या वर्षी ट्विन लेक्सला कुणी उभं राहिलंच पाहिजे अशी अपेक्षा ठेवणार नाही. स्वयंसेवकांच्या केंद्रांवर मिळेल ते खाऊन-पिऊन भागवीन. आणि एका वर्षाआड शर्यत न करता त्या केंद्रावर दिवसभर उभा राहून दुसऱ्यांच्या बाटल्या भरीन.

यातलं शेवटचं मला सगळ्यांत कठीण वाटतं, कोलंबाइनपेक्षाही. डोंगर चढताना माझं सगळं अंग कामात असतं, मन गप्प असतं. दुसऱ्यासाठी उभं राहताना मन गप्प बसत नाही. ते घड्याळ पाहतं, आपण आज किती वेळेत पोहोचलो असतो याचा हिशेब करतं. तिथे एकाग्र राहता आलं, तर गिअर सोडून मी खरोखर काही शिकलो असं म्हणता येईल. यंदाच्या ऑगस्टसाठी मी शर्यतीचा अर्ज भरलेला नाही. स्वयंसेवकांच्या यादीत नाव दिलं आहे, घरी विचारून.